वेगळा पाट

माणसाने रोज स्वतःला जाब विचारावा, असं मोठी माणसं सांगतात. मी विचारून बघितला. अडचण अशी की जाब विचारणारा आणि जाब देणारा एकाच चटईवर झोपत असले की प्रकरण आपसात मिटतं. "दोरी काढलीस?" "उद्या काढतो." "बरं." एवढ्या सलोख्याने जगात एकही काम झालेलं नाही. म्हणून मी कोच लावला.

कोच म्हटल्यावर शिट्टी आणि ट्रॅकसूट डोळ्यांसमोर आणू नका. हा उत्तरदायित्वाचा कोच. काय करायचं ते आपण ठरवायचं आणि "केलंत का?" हे त्याने रोज सकाळी फोन करून विचारायचं. मी एकदा फोनवर 'एकटे वाटल्यास काय करावे' असं शोधलं, तर फोनने आधी कुत्र्याचं खाद्य दाखवलं आणि मग सुजय सर. कुत्रा ठेवायला धोंडुबाईंची परवानगी नव्हती.

धोंडुबाई म्हणजे माझ्या घरमालकीण. पेणला रामवाडीत त्यांच्या घराच्या मागची खोली माझ्याकडे भाड्याने आहे. कोचचं कळल्यावर त्या हातातलं सूप तसंच धरून दारात उभ्या राहिल्या.

"पैशे देऊन बोलनी खातोस? अरे, मला सांगायचं. मी फुकट बोलते की."

"मावशी, ते बोलत नाहीत. ते फक्त विचारतात."

"मंग तर आनखीनच फुकट हाय," म्हणाल्या आणि तांदूळ पाखडायला गेल्या.

त्यांना कसं समजावणार? माझं मूळ घर गडबचं, पेणपासून हायवेने जरा पुढे. नोकरी त्याच्याही पुढे, रोह्याच्या एका कंपनीत. शहाण्या माणसाने गडबलाच राहावं. पण आमच्या कंपनीची बस रामवाडीहून सुटते आणि गडबला थांबत नाही. दोनदा अर्ज केला. उत्तर आलं की थांबा मंजूर करायला त्या थांब्यावरून किमान इतके कामगार चढले पाहिजेत, आणि तिथे बस थांबत नसल्यामुळे तिथून कोणीच चढत नाही. म्हणून गडबचा मी उलट दिशेला पेणला येऊन राहिलो आणि रोज गडबवरून रोह्याला जातो. रोज स्वतःच्या घरासमोरून तिकीट न काढता जाणारा दुसरा पाहुणा तुम्ही पाहिला नसेल.

तर खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची एक दोरी होती, बरोबर मधोमध. राहायला आलो तेव्हाचे खोकेही तसेच बांधलेले होते. आत येणाऱ्याला आधी माझ्या बनियनपुढे मान झुकवावी लागली असती. पण आत येणारंच कोणी नव्हतं, त्यामुळे बनियनचा तो मान कधी राखला गेला नाही. सुजय सरांनी "तुमचं ध्येय काय?" विचारलं तेव्हा मी म्हटलं, "घर माणसं येण्याजोगं करणे." सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते मला तीनदा म्हणायला लावलं. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मागे उंच उंच इमारती दिसत. मुंबईतला एवढा मोठा माणूस रोज सकाळी माझ्या बनियनची चौकशी करतो, या विचाराने मला भरून यायचं.

"दोरी निघाली?"

"दोरीवर कपडे होते, सर."

"मग कपडे काढा."

"ओले होते."

सर हळूच म्हणाले, "साईराज, ओलं कोण आहे? कपडे, की आपण?"

यावर मी बसमध्ये नागोठण्यापर्यंत विचार केला. मग झोप लागली.

इथे एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. सरांच्या कार्यक्रमाचा नियम असा होता की ध्येय गाठलं की रोजचा फोन बंद आणि आठवड्याला एक सुरू. प्रगती केली की माणूस फोनला मुकतो. तेव्हा दोरीच्या बाबतीत मी उगाच घाई केली नाही, एवढंच म्हणतो.

पण सरांचा धीर सुटला. एके दिवशी म्हणाले, "आता परतीचे दोर कापायचे."

"सर, तोच तर कापला जात नाहीये."

"विनोद नको. चारचौघांत असं काहीतरी करा की मागे फिरता येणार नाही. माणसं तुमच्या घरी येणारच, असा दिवस ठरवून टाका."

असा दिवस कुठला, हे मी धोंडुबाईंना विचारलं. माणसं न बोलावता कधी येतात?

"मयताला," त्या म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांनी दुसरा पर्याय दिला. "नायतर गनपतीला. गनपती बसला की वळखीपालखीचा कोनपन येतो. आरतीला हात जोडतो, मोदक खातो, जातो."

पहिला पर्याय मला लगेच जमण्यासारखा नव्हता. मी दुसरा धरला. बाजारातून एक पाट आणला आणि आषाढातल्या एका सुट्टीच्या दिवशी हमरापूरला सखाशेठच्या कारखान्यात नेऊन दिला. आमच्याकडे मूर्ती अशी दुकानातून उचलून आणत नाहीत. आपला पाट कारखान्यात द्यायचा, सुपारी ठेवायची आणि त्या पाटावर आपला गणपती घडतो. पाट दिला की बोलणं संपलं. तो परत घेत नाहीत. परतीचे दोर यापेक्षा कुठे चांगले कापले जाणार?

सखाशेठनी खडूने पाटामागे माझं नाव लिहिलं आणि लिहिता लिहिता थांबले.

"गडबचे ना तुमी? रितेशचे भाऊ?"

"हो."

त्यांनी दातांत धरलेला ब्रश काढला, माझ्याकडे बघितलं आणि ब्रश परत दातांत धरला. "आईबाबा नायत आता."

"नाहीत."

"हां. मंग व्हतं असं," ते ब्रशमधून म्हणाले आणि पाट फळीवर ठेवून दिला. मला वाटलं, चौकशी करतायत. मी त्यांना मूर्ती लहानच करा म्हटलं, कारण खोके अजून हलले नव्हते, आणि खुशीत घरी आलो. सरांना सांगितलं. सर म्हणाले, "तुम्ही आज एक वेगळा माणूस झालात." गडबही पुढच्याच आठवड्यात नेमकं तेच म्हणालं.

आता जे मला त्या दिवशी आठवायला हवं होतं ते सांगतो. आमच्या भागात घर भिंतींवरून मोजत नाहीत, गणपतीवरून मोजतात. दोन भावांच्या चुली वेगळ्या असोत, अंगणात कुंपण असो, बोलणं बंद असो. गणपती एक आहे तोवर घर एक. धाकट्याने वेगळा पाट दिला की घर फुटलं. मोजणीवाले नंतर यायचे ते फक्त खुंट्या ठोकायला. हे गडबच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात दोरीशिवाय काही नव्हतं. खोली आवरायची म्हणून घर फोडणारा मी पहिलाच असेन.

दादाचा, म्हणजे रितेशदादाचा पाटही दरवर्षी सखाशेठकडेच जातो. पुढच्या रविवारी तो द्यायला गेला तेव्हा सखाशेठनी सवयीने तो माझ्या पाटाशेजारी ठेवला. दादाने नाव वाचलं. फक्त एवढंच म्हणाला म्हणे, "माझा जरा तिकडे ठेव."

त्यानंतर माझा फोन वाजायला लागला.

पहिला फोन बाबाजीकाकांचा. हे वडिलांचे चुलतभाऊ आणि पंचक्रोशीतल्या वाटण्यांचे जाणकार. त्यांच्या सल्ल्याने फुटली नाहीत अशी घरं गडबात थोडी आहेत, आणि तीही लोकांना मुलंच एकेक होती म्हणून. फोनवर समाधान न होऊन ते दुपारी खोलीवर आले. माझ्या खोलीत आलेला हा पहिला पाहुणा. ते बरोबर दोरीखाली बसले. एक पायजमा त्यांच्या टोपीवर अधूनमधून ठिबकत होता, पण जमिनीचा विषय निघाला की काकांना वरचं काही जाणवत नाही.

"विहीर सोडू नको."

"काका, मला विहीर नको आहे."

"हे! हेच बोलायचं नाय. नको बोललास की गेली. अर्धी विहीर तुझी."

"कुठली अर्धी?"

"उन्हाल्यात जिकडं पानी असतं ती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आनि आंबा माग. मिळनार नाय. पन माग. मागं हटायला कायतरी पायजे ना मानसाला."

मी समजावत होतो की मला वाटणी नको, मला फक्त दोरी काढायची आहे. काका डोळे मिटून मान हलवत होते. त्यांच्या मते हा माझ्या बाजूचा एक खोल डाव होता आणि तो मी त्यांच्यापाशीही उघड करत नव्हतो, याचं त्यांना कौतुक वाटलं.

मग सगळेच फोन करू लागले. शाळेनंतर गायब झालेले मित्र, लग्नाच्या जेवणावळीत ओझरते दिसलेले मावसभाऊ, कोणाच्या तरी सासरची माणसं. गावात दोन पक्ष पडले होते आणि माझ्या पक्षात बरीच माणसं होती असं कळलं. मला त्यातले निम्मे माहीत नव्हते. कोणी "जेवलास का?" म्हणून सुरुवात करी आणि बांधावर येई. पण जेवलास का, हे विचारत होते. फोन दुपारीच उतरायला लागला. चार्जर कंपनीत न्यावा लागला. एका सकाळी तर सुजय सरांना फोन लागेचना. "साईराज, आज तुम्ही बिझी होतात," ते म्हणाले. जरा दुखावल्यासारखे वाटले. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. भांडण होतं, पण कोणीतरी माझ्याशी करत होतं.

दोनच फोन आले नाहीत. दादाचा आणि प्रतिक्षावहिनीचा.

त्यांचं हायवेला लागून पोह्याच्या पापडांचं छोटं दुकान आहे. आमची बस समोरून जाते. पूर्वी दादा बसकडे बघून हात वर करायचा. मला करायचा की ड्रायव्हरला, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता बस आली की तो पाठ फिरवून पापडांची पाकिटं सारखी करायचा. पाकिटं सारखीच होती. मला खिडकीतून दिसत होतं. मी दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसायला लागलो.

गडबच्या घरात माझी म्हणून एकच जागा उरली आहे. वरच्या माळ्यावर पापडांच्या गोण्या असतात आणि माझी कॉट पुतण्याला दिली. पण गणपतीत आरतीला देव्हाऱ्याच्या डाव्या हाताला उभं राहून झांज मी वाजवतो. लहानपणापासून मीच. वर्षातून दीड दिवस त्या घराला माझ्यावाचून चालत नाही. आणि आता वेगळा गणपती आणणाऱ्या माणसाच्या हातात ती झांज कोण देणार? मी सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, "स्वतः जाऊन भावाला खरं सांगा." मी म्हटलं, उद्या.

उद्याच्या आधी मला एक पुराव्याची कल्पना सुचली. आपल्याला वाटणी नको, असा सरकारी कागदच दादापुढे ठेवला तर? म्हणून मी एका कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही. मला तिथे परत जायचं आहे.

"वाटणीचा अर्ज? तिकडे," टेबलावरचे साहेब म्हणाले.

"वाटणी नको आहे, त्याचा अर्ज."

साहेबांनी चष्मा काढला. "नको असेल तर करू नका."

"तेच लिहून पाहिजे."

"न केलेल्या गोष्टीचा दाखला देत नाही आपण. उद्या लोक म्हणतील, खून न केल्याचा द्या." मग माझी दया येऊन ते पुढे झुकले. "असं करा. आधी वाटणीचा अर्ज टाका. मग तो मागे घ्यायचा अर्ज टाका. मागे घेतल्याची नोंद होते, शिक्क्यासकट. तो कागद दाखवा भावाला."

इतकी सरळ वाट मला आयुष्यात कोणी दाखवली नव्हती. मी पहिला अर्ज टाकला. दुसरा टाकायला गेलो तर खिडकी बंद झाली होती. पुढे सुट्ट्या लागून आल्या. आणि एरवी ज्या कचेरीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला म्हातारा होतो, तिथून माझ्या पहिल्या अर्जाची नोटीस सुट्ट्या संपायच्या आत दादाच्या दुकानात पोचली. पापड घेणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर त्याने ती सही करून घेतली.

दुसऱ्या दिवशी काकांकरवी निरोप आला. रविवारी पडवीत बसायचं. आणि "त्याला जो कोन शिकवतोय त्याला पन घेऊन ये." गावाची खात्री होती की माझ्यामागे कोणीतरी आहे. कोच म्हणजे वकिलाच्या खालचा आणि एजंटच्या वरचा, असं काकांनी सगळ्यांना समजावून ठेवलं होतं.

सरांना फोन केला. मुंबईहून यायला जमेल का, विचारलं. सर घुटमळले. मग म्हणाले, "मी रोह्यालाच असतो."

मी शिफ्ट संपवून पत्त्यावर गेलो. पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली होती. आत एक खुर्ची, एक टेबल आणि भिंतीवर इमारतींचा पडदा. पडद्यावर सगळीकडे बारीक पीठ बसलं होतं; मुंबईवर धुकं पडल्यासारखं. सर माझ्याच वयाचे निघाले. परभणीकडचे. एका कंपनीत माणसं भरायच्या खात्यात होते, मग कंपनीने माणसं भरणं बंद केलं.

"बाकीच्यांचे फोन इथूनच करता?" मी विचारलं.

"बाकीचे सध्या ब्रेकवर आहेत," सर म्हणाले. मग खालची गिरणी सुरू झाली आणि आम्हाला पुढे काही बोलावं लागलं नाही.

रविवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून उसन्या बाइकवर माझ्यामागे बसून आले. त्यांना इतकी माणसं एकदम कधी मिळाली नव्हती. पडवीत दादा, वहिनी, बाबाजीकाका, माझ्या पक्षाचे काही, दादाच्या पक्षाचे काही आणि मूर्तीचं काय करायचं ते ठरवायला सखाशेठ. पाण्याचे पेले फिरले. काका घसा साफ करून विहिरीवर येणार, इतक्यात सर उठले.

"सुरुवातीला आपण सगळे एका शब्दात सांगू या," ते हसून म्हणाले, "आत्ता आपल्याला आतून कसं वाटतंय?"

पडवीत कोंबडीचा आवाज ऐकू आला. गडबात हा प्रश्न आजवर डॉक्टरशिवाय कोणी विचारला नव्हता. शेवटी दादाच्या पक्षातले एक म्हातारे प्रामाणिकपणे म्हणाले, "जरा ग्यास हाय." त्यांच्या शेजारच्याने "मला पन" म्हटलं. सरांनी दोघांचे आभार मानले.

"हा कुठल्या कोर्टात बसतो?" काकांनी मला कानात विचारलं.

मग दादा बोलला. तो कमी बोलतो. शब्द गोणीतून काढून मोजून ठेवतो.

"साईराज. तुला काय पायजे ते सांग. आंबा पायजे? घे. विहीर पायजे? घे. पन नोटीस कशाला? मी तुला कंदी नाय बोललो?"

इथे मी एखादा विनोद करणार होतो. तयार होता. आंब्यावर होता. पण सर माझ्याकडे बघत होते, रोज सकाळी फोनमधून बघतात तसे, आणि मला काहीतरी उत्तर द्यायची सवय लागली होती.

"मला आंबा नको, दादा. माझ्या खोलीवर कोणीतरी यावं असं वाटत होतं. गणपती असला की येतात, म्हणून पाट दिला. बाकी सगळं मागून झालं."

सखाशेठ छपराकडे बघू लागले. काकांना हा डाव अजिबात कळला नाही.

"मंग हितं यायचं," दादा म्हणाला. "घर हाय ते. घरी यायला सांगावं लागतं?"

"तू कधी ये म्हटलं नाहीस."

"तू कंदी उतरला नायस."

"बस थांबत नाही, दादा."

"पेनवरनं हितं यायला बसच लागते?"

वहिनी मधल्या दारात उभी होती. ती आत वळता वळता म्हणाली, "भाऊजी, कॉट काढली तेव्हा तुमाला विचाराया पायजे होतं. मी रितेशना बोलले होते." आणि ती चहा टाकायला गेली. दादा नखाने जमिनीवरचं शेण उकरत राहिला. आमच्याकडे माफी यापेक्षा जास्त स्पष्ट मागत नाहीत.

नोटिशीचं ठरलं: मी दुसरा अर्ज टाकायचा, दादाने सोबत यायचं. विहीर विहिरीत राहिली. काकांनी "आता आंबा तरी..." म्हणून बघितलं, पण सभा विस्कटत होती. तेवढ्यात सखाशेठ म्हणाले, "आनि मूर्तीचं काय? आखनी झाली. डोले उघडलेत त्याचे. आता तो कारखान्यात नाय राहू शकत."

सगळे परत बसले. दादा म्हणाला, या घरात दोन गणपती बसणार नाहीत. ते बसले की फाटलेलं उघडच दिसतं. माझ्या खोलीवर बसवला तर मी वेगळा झालो. दुसऱ्याला द्यावा तर ज्याच्या त्याच्या घरी ज्याचा त्याचा ठरलेला. बरीच चर्चा झाली. मग सरांना राहवलं नाही. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि आपलं आवडतं वाक्य टाकलं.

"प्रश्न एवढाच आहे, की याची जबाबदारी कोण घेतंय?"

गडबच्या माणसांना तसं प्रश्नाचं उत्तर द्यायची घाई नसते. पण हे उत्तर सगळ्यांना एकदम सापडलं. सगळी पडवी सरांकडे बघत होती. माझा पक्ष आणि दादाचा पक्ष पहिल्यांदाच एका बाजूला आला.

"रोह्याला खोली हाय ना तुमची?" सखाशेठ म्हणाले. "तुमच्या घरी आधीपासनं गनपती बसतो?"

"नाही, पण मी... आमच्याकडे..."

"झालं तर," काका म्हणाले. वाटणी झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. निदान गणपतींची तरी झाली.

चतुर्थीला मी आदल्या दिवशीच गडबला जाऊन राहिलो. सकाळी आरतीच्या वेळी दादाने काही न बोलता झांज माझ्यापुढे धरली. मी डाव्या हाताला उभा राहून वाजवली. माणसं आली, हात जोडून मोदक खाऊन गेली. सगळं दरवर्षीसारखं. दरवर्षीसारखं म्हणजे माझ्याशी कोणी विशेष बोललं नाही. भांडण मिटलं होतं, त्यामुळे मला विचारण्यासारखं कोणाकडे काही उरलं नव्हतं. फोन मी दोनदा काढून बघितला. चार्जिंग भरपूर होतं. काकाही येऊन गेले. माझ्याकडे त्यांनी पडीक जमिनीकडे बघावं तसं बघितलं.

जेवणं झाल्यावर वहिनीने एक डबा माझ्या हातात दिला.

"त्या सरांना देऊन या. परक्या मुलखातला मानूस. आनि सांगा त्यांना, गनपती बसलाय तोवर त्याला एकट्याला ठेवायचं नाय. खोलीला कुलूप लावून जायचं नाय. कोनतरी समोर पायजे."

"त्यांना माहीत असेल, वहिनी."

"कोन सांगनार त्यांना?" ती म्हणाली.

गिरणी बंद होती. वर दार उघडं होतं. इमारतींच्या पडद्यासमोर टेबलावर गणपती बसला होता, लहानसा, मुंबईच्या पार्श्वभूमीवर. समोर खुर्चीत सर. शर्ट इस्त्रीचा, पण चेहरा पार उतरलेला.

"गिरणीवाल्यांनी सकाळी सांगितलं, याला एकटं सोडायचं नाही," ते म्हणाले. "आणि ते गावाला गेले. मी सकाळपासून इथेच आहे. दूध आणायचं होतं. दुर्वाही राहिल्या. चहासुद्धा घेतला नाहीये."

"मला फोन करायचा, सर."

"तुमचं ध्येय पूर्ण झालं ना. मग आता रोज करता येत नाही." ते खरंच तसं म्हणाले.

मी त्यांना जा म्हटलं, मी बसतो. ते धावतच जिना उतरले. मी खुर्चीत बसलो. गणपती माझ्याकडे बघत होता. सखाशेठनी डोळे चांगले उघडले होते त्याचे. खाली रस्त्यावरून कोणाच्या तरी घरची आरती ऐकू येत होती. मी हात जोडले. मग काय बोलावं ते न सुचून म्हटलं, "जेवलास का?" आणि डब्यातला एक मोदक त्याच्यापुढे ठेवला.

सर परत आले. दूध, दुर्वा, एक फुलांची पुडी. मोदक बघताच त्यांनी उभ्याउभ्याच दोन खाल्ले. मग तोंड पुसून, थोडं सावरून म्हणाले, "तुम्हाला उशीर होत असेल. घरी माणसं असतील. आता मी आहे इथे."

"हो," मी म्हटलं.

ते खाली चटई टाकून बसले. मी खुर्चीतून उतरून चटईच्या दुसऱ्या टोकाला बसलो. गणपतीला एकटं ठेवायचं नाही हे खरं, पण त्याला एक माणूस पुरतो. आम्ही दोघं होतो. म्हणजे कोणीतरी एक जण जास्त होता. तो कोण, हा विषय दोघांपैकी कोणीही काढला नाही.